सात नंबरची नळी

वेदश्रीने काचेची पट्टी चिखलावरून आडवी ओढली आणि तिला खडा लागला. हरभऱ्याएवढा. पाच वर्षांत या नळीत खडा म्हणून सापडला नव्हता, आणि सापडला तो कधी, तर परवा तोंडी परीक्षा असताना! तिने मनातल्या मनात त्याला एक शिवी हासडली, पट्टी पुसली आणि त्याच्याभोवतीचा चिखल हलक्या हाताने साफ करत गेली. परीक्षकांना दाखवायला फोटो स्वच्छ हवा होता.

साफ झाल्यावर तिने नीट पाहिलं आणि पट्टी हातातच राहिली.

हातभर लांबीची ही नळी अंटार्क्टिकातल्या एका तळ्याच्या तळातून आली होती. ते तळं हजारो वर्षं बर्फाच्या चादरीखाली गाडलेलं होतं. बर्फ कधी हटलं, पाणी कधी उघडं पडलं, त्यात शेवाळ कधी धरलं, सगळं त्या गाळात थरावर थर साचलेलं. तिचे मार्गदर्शक सुधींद्र सर मोहिमेवर गेले होते, तेव्हा त्यांनी स्वतः नळी ठोकून तो गाळ काढला आणि धारवाडला आणला. पुढे नळी उभी चिरून तिचे दोन भाग झाले. एक तपासायचा, एक तसाच जपून ठेवायचा. तपासायचा भाग वेदश्रीने चमच्या-चमच्याने केव्हाच संपवला होता. जपून ठेवलेला आज पहिल्यांदाच घासूनपुसून लख्ख करायला घेतला, तर हे.

तळ्यावर तरंगणाऱ्या बर्फात असे खडे अडकलेले असतात. बर्फ वितळलं की खडा सुटतो, तळाशी जातो आणि मऊ गाळात रुततो. मग त्याच्या खालचे थर दबून वाकतात. इथे थर वाकले होते ते खड्याच्या वर, नळीचं वरचं टोक दाखवणाऱ्या बाणाच्या बाजूला. म्हणजे काय, खडा खालून वर पडला?

नळी उलटी होती. पाच वर्षं उलटी होती.

थंड खोलीतही तिला दरदरून घाम फुटला. तिचा सगळा प्रबंध एका गोष्टीवर उभा होता: खाली हिरवा गाळ, वर करडा. म्हणजे तळं आधी जिवंत होतं, मग बर्फ परत आलं आणि त्याने तळं पुन्हा गाडलं. असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं. सरांनी चार परिषदांत ते मांडलं होतं, टाळ्या घेतल्या होत्या. मध्ये वयमापनाचे आकडे उलटे आले होते, खालचा गाळ तरुण आणि वरचा म्हातारा. तेव्हा तिने रात्रंदिवस खपून पाचवं प्रकरण लिहिलं. वितळत्या बर्फाबरोबर जुना कार्बन वाहून आला, म्हणून आकडे फसवे आहेत, असं सिद्ध केलं. सगळ्यात जास्त वाहवा त्याच प्रकरणाची झाली होती. आकडे बिचारे पहिल्यापासून खरं सांगत होते, आणि हिने त्यांनाच खोटं पाडलं होतं!

खडा नखाने उडवला असता तर संपलं असतं. पट्टीचा एक हात फिरवला की थरही सपाट. ती दोनदा पुढे वाकली, दोनदा मागे आली. मग नळीच्या बाहेरच्या अंगावरचा बाण तिने पाहिला. निळा होता. सर मोहिमेवर काळ्या पेनाने लिहीत. निळा बाण तिच्या स्वतःच्या हातचा होता.

आठवलं तिला. ती नवी आली त्या वर्षीची खंडेनवमी. विभागातली सगळी यंत्रं पुसून मांडायची, हळदकुंकू लावायचं, नारळ फोडायचा, ही इथली जुनी रीत. सूक्ष्मदर्शकापासून चिखल उपसायच्या घमेल्यापर्यंत सगळ्यांना कुंकू. पूजेनंतर नळ्या, तेव्हा अजून न चिरलेल्या, परत ठेवताना या सात नंबरच्या नळीचा बाण पुसलेला दिसला. एका टोकाला कुंकू होतं. कुंकू कपाळालाच लावतात, म्हणजे हे डोकं, हे वर. तिने निळ्या पेनाने बाण काढला आणि विसरून गेली. पण काळा बाण पुसला कुणी? आणि कुंकू भलत्या टोकाला लावलं कुणी?

ती थंड खोलीतून बाहेर आली. व्हरांड्यात अप्पाजी चहाची किटली घेऊन उभे होते. अळणावरकडच्या खेड्यातले, वीस वर्षं या प्रयोगशाळेत सेवक, तरी अजून वर्षावर्षाच्या नेमणुकीच्या ऑर्डरीवर.

"अप्पाजी, मी नवी आले त्या खंडेनवमीला या नळ्या कुणी पुसल्या हो?"

"कुणी म्हंजे? मीच की अक्का. दरवर्षी मीच पुसतोय." त्यांनी कप तिच्या हातात दिला. "बुरशी आली हुती त्या साली. स्पिरिट लावून लख्ख केलतो."

"आणि कुंकू?"

"ते बी मीच. का, काय झालं? परवा डॉक्टर हुणार आणि तोंड हे असं? चहा प्या आधी."

तिने चहा प्यायला. जीभ भाजली. छातीवरचा धोंडा थोडा हलला होता, आणि तो का हलला हे तिला नीट कळत होतं. तिने खड्याचा फोटो काढला, नळी झाकली आणि सरांच्या घरी जायला हुबळीची चिगरी, म्हणजे जलद बस, पकडली. त्यांना फोनवर सांगण्यासारखी ही गोष्ट नव्हती.

बसमध्ये जागा होती, पण तिच्याने बसवेना. उठली, बसली, पुन्हा उठली. शेजारच्या बाई म्हणाल्या, "याक, एल्लि इळियोदु?" का हो, कुठे उतरायचं म्हणून. तिने विद्यानगर म्हटलं. "मग अजून पुष्कळ आहे की, बसा," असं त्यांनी मराठीतच दटावलं.

बसली. फोन काढला. विभागाच्या ग्रुपवर त्या दिवसाचे फोटो असणार. अप्पाजींचा हातात बोळा घेतलेला एक फोटो मिळाला की झालं, सरांपुढे ठेवायला पुरावा. रायापूर येईस्तोवर ती मागे मागे जात राहिली. मग सापडला.

फोटोत अप्पाजी दारात नारळ फोडत होते, पाठमोरे. पुढे, जमिनीवर मांडी घालून, हिरव्या साडीत वेदश्री. मांडीवर सात नंबरची नळी, हातात स्पिरिटचा बोळा. काळा बाण अर्धा पुसलेला, अर्धा शिल्लक. फोटोच्या काठावरून कुणाचा तरी हात आला होता आणि नळीच्या टोकाला कुंकू लावत होता. तिने हाताकडे पाहिलंच नाही. ती आपल्या हातातल्या बोळ्याकडेच बघत राहिली.

फोटो पुसून टाकता आला असता. पण तो तीस जणांच्या फोनवर होता, आणि त्या तिसांत एकालाही तो आठवत नसणार. विद्यानगर आलं तेव्हा तिचा अंगठा तसाच पडद्यावर होता.

सुधींद्र सरांनी स्वतःच दार उघडलं. खड्याचा फोटो त्यांनी चष्मा वर करून पाहिला, खाली करून पाहिला. आधी म्हणाले, "छे छे, शक्यच नाही." मग फोन उलटा धरून पाहिला आणि खुर्चीत बसले. बोटातली पोवळ्याची अंगठी टेबलावर टकटक वाजवायची त्यांची सवय होती. ती टकटक सुरू झाली आणि थांबेचना.

"बाण कसा चुकला?"

"खंडेनवमीला नळ्या पुसल्या होत्या सर. बाण गेला. मी कुंकवावरून परत काढला."

"पुसल्या कुणी? अप्पाजीने?"

वेदश्रीने आपला फोन परत घेतला आणि मुठीत धरला.

"दुसरं कोण! हजारदा सांगितलं, नळ्यांना हात लावू नका म्हणून. स्पिरिट काय, कुंकू काय!" सर उठले, कागद घेतला, काळं पेन काढलं. "हे बघ. परीक्षकांना आजच कळवू. प्रयोगशाळेतल्या सेवकाकडून खुणा पुसल्या गेल्या, नमुना उलटा नोंदला गेला. तुला वर्षाची मुदत मिळेल. नव्याने लिही. तुझ्यावर डाग नाही, माझ्यावर नाही. मार्चला त्याची ऑर्डर संपतेय, तेव्हा बघू. इरली बिडु, असू दे, रडू नकोस."

ती रडत नव्हती. उलट तिला बरं वाटत होतं, गार पाणी प्यायल्यासारखं, आणि त्याच घोटाला किळस येत होती. कागदावर 'सेवकाकडून' हा शब्द लिहून झालाही होता. सरांचं अक्षर सुरेख.

"अप्पाजींनी नाही सर," ती म्हणाली. आवाज अगदीच लहान निघाला, म्हणून पुन्हा म्हणाली, "त्यांनी नाही. मी पुसला." आणि फोन त्यांच्यासमोर ठेवला.

सरांनी फोटो पाहिला. हिरवी साडी, बोळा, अर्धा बाण. "तूच की गं ही," ते पुटपुटले. बाण नीट दिसावा म्हणून त्यांनी दोन बोटांनी फोटो मोठा केला. बाणाचं टोक वेदश्रीच्या पोटाकडे होतं. कुंकू लागत होतं ते दुसऱ्या टोकाला. सरांनी फोटो अजून मोठा केला आणि तसाच धरून ठेवला.

टकटक थांबली होती.

वेदश्रीने मान पुढे काढून पाहिलं. पडद्यावर आता फक्त तो काठावरचा हात होता. कुंकवाने माखलेलं बोट, आणि शेजारच्या बोटात पोवळ्याची अंगठी.

स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. सरांनी स्वतःचा फोन उचलला, नंबर लावला आणि आवाज मोठा करून टेबलावर ठेवला.

"अप्पाजी, वेदश्री नवी होती त्या वर्षी, सात नंबरच्या नळीला कुंकू कुणी लावलं?"

"सात नंबर?" पलीकडे किटली खाली ठेवल्याचा आवाज आला. "मीच लावलं असणार सर. दरवर्षी मीच लावतोय की. आज अक्का बी इचारत हुत्या. काय चुकलं काय माझं?"

सर फोटोतल्या हाताकडे बघत होते. अंगठीवरून त्यांचा अंगठा फिरत होता.

"सर? चुकलं असंल तर तसं सांगा. अक्कांचं काही अडायला नको."

"तुमचं काही चुकलं नाही," सर म्हणाले. "ठेवतो."

त्यांनी कागद पुढे ओढला आणि 'सेवकाकडून' हा शब्द खोडला. एकदा आडवी रेघ, मग दुसरी, मग तो दिसेनासा होईपर्यंत. वर काय लिहायचं म्हणून पेन कागदावर टेकलं, आणि टेकलेलंच राहिलं. शाईचा ठिपका मोठा होत गेला.

वेदश्रीने त्यांच्या हातातून पेन काढून घेतलं. खोडलेल्या शब्दाच्या वर तिने आपलं नाव लिहिलं, आडनावासकट, आणि पुढे 'आणि' लिहून थांबली. मग कागद त्यांच्याकडे वळवला आणि पेन पुढे धरलं.

"शेजारी जागा ठेवलीय, सर."