ओंडक्याचा गॉगल

त्या माणसाला अभिनय येत नाही. हे मी उगाच बसल्याजागी ठोकून देत नाहीये. माझी नोकरीच त्याच्या तोंडाकडे बघत बसण्याची आहे. आठ सिनेमे झाले, आणि त्यातला एकेक प्रसंग मागेपुढे करून वीस-वीस वेळा बघितलाय. त्याच्या आईनंही तो चेहरा इतका न्याहाळला नसेल, नाहीतर वेळीच दुसऱ्या धंद्याला लावलं असतं त्याला. राग आला की तो नाकपुड्या फुगवतो. प्रेमात पडला की नाकपुड्या फुगवतो. बाकी चेहऱ्याला बारमाही सुट्टी. मी त्याचं नाव ओंडका ठेवलंय, आणि आता आमचे साहेबसुद्धा चुकून तेच म्हणून जातात.

माझं काम म्हणजे ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी सिनेमाचं वर्णन लिहायचं. दोन संवादांच्या मधे जी फट असते, चार सेकंदांची, सहा सेकंदांची, तिच्यात मावेल एवढंच वाक्य. ‘ती दार लावते.’ ‘तो पत्र फाडतो.’ मी लिहिते, दुसरी एक बाई माइकसमोर गोड आवाजात वाचते, आणि अंध प्रेक्षक ते कानाला लावून सिनेमा ‘बघतात’. नियम एकच, दिसतं तेच लिहायचं, आपली अक्कल पाजळायची नाही. माझ्यासारख्या बाईला हा नियम म्हणजे तोंडाला कुलूपच, पण पाच वर्षं मी तो निमूट पाळला.

ओंडक्यानं तो मोडायला लावला. एका सिनेमात बायको घर सोडून जाते आणि हा नऊ सेकंद दाराकडे बघतो. ‘तो दाराकडे बघतो’ म्हणेपर्यंत दोन सेकंद गेले. उरलेल्या सातांत काय लिहू, कपाळ? मी लिहिलं, ‘चेहरा कोरा.’ निर्मात्याच्या माणसांनी कागद परत पाठवला. साहेब म्हणाले, “बाई, नायक भावुक झालाय असं लिहा की.”

“झालेला नाही, साहेब.”

“मग तुम्ही करा.”

केला. त्याचा ओठ मी थरथरवला, आवंढा मी गिळायला लावला. खोटं कशाला बोलू, मजा आली. त्या दगडाकडे बघून बघून जीव कावला होता माझा. निदान माझ्या कागदावर तरी तो माणसासारखा वागायला लागला. पुढच्या सिनेमांतही मग मी हात आखडता घेतला नाही. नायिका मात्र होती तशीच ठेवली. तिला तीनच कामं, पळणं, भिजणं आणि वळून बघणं, त्यात मी तरी काय दिवे लावणार? आणि दर सिनेमात त्याच्या बापाचं काम करणारा जो म्हातारा आहे, त्याला माझी गरजच नाही. तो आडवा पडून, श्वास रोखून जेवढं करतो, तेवढं ओंडक्याला उभं राहून जमत नाही.

आणि नेमका तेव्हापासून माझ्या ताईला ओंडका आवडायला लागला.

ताई माझ्याहून सात वर्षांनी मोठी. शाळेत गणित शिकवायची. सहा वर्षांपूर्वी काचबिंदूनं तिची दृष्टी गेली, आणि तेव्हापासून तिला जे काही दिसतं ते माझ्या तोंडून दिसतं. अंगातले कपडे कुठल्या रंगाचे, आलेल्या पाहुण्यांपैकी कोण घड्याळाकडे बघतंय, डॉक्टर बोलताना कसे दिसत होते, सगळं मला विचारते. दुसऱ्या कुणाला नाही. “बाकीचे मला बरं वाटावं म्हणून बोलतात,” ती म्हणते, “तुला मेलीला ते कधी जमलंच नाही.” लहानपणापासून तिनं माझं एवढं एकच कौतुक केलंय.

दर रविवारी दुपारी मी तिच्याकडे जाते. ती चहा करते, मी मधे मधे करते म्हणून ओरडते, आणि मग आम्ही ओंडक्यावरून भांडतो.

“काय काम करतो गं तो!” ताई म्हणते.

“त्याच्यापेक्षा तुझ्या जिन्यातला खांब बरा. निदान छत तरी तोलून धरतो.”

“तू तोंडानं शिव्या घालतेस, आणि लिहितेस काय? ‘आवंढा गिळतो.’ तुझ्या हाताला कळतंय, तोंडाला कळत नाहीये.”

मी आपली चहात बिस्कीट बुडवते.

यंदाच्या सिनेमात तर त्यानं कहर केला. पहिल्यापासून शेवटपर्यंत डोळ्यांवर काळा गॉगल. कोर्टात गॉगल, अंथरुणात गॉगल. बाप मेला, प्रेत समोर ठेवलंय, कॅमेरा चौदा सेकंद याच्या तोंडावर, तरी गॉगल काही उतरत नाही. काचांत दिव्यांची रांग दिसते, आणि नीट बघितलं तर कॅमेऱ्यामागचा माणूस डोकं खाजवताना दिसतो. थिएटरात लोक फिदीफिदी हसले. फोनवर त्याची टवाळी फिरली, पोरंटोरं चष्मे घालून एकमेकांच्या पुढ्यात मरून पडायला लागली. ते सगळं नंतर. माझ्यापुढे तेव्हा फक्त चौदा सेकंद होते, आणि ताई हे ऐकणार हे मला ठाऊक होतं. मी लिहिलं, ‘तो थरथरत्या हातानं गॉगल काढतो. डोळे काठोकाठ भरलेले. वडिलांच्या कपाळावर एक थेंब पडतो.’ साहेबांनी न बघताच सही केली.

गेल्या रविवारी गेले तर ताईची स्वारी खुशीत. तिची अंध प्रेक्षकांची संस्था दरवर्षी सर्वोत्तम नायकाला मानचिन्ह देते. यंदा ओंडक्याला द्यायचं ठरलंय, तो स्वतः येणार, आणि त्याच्याबद्दल पाच मिनिटं बोलायचं काम ताईकडे. येत्या शनिवारी. आठशे माणसांचं सभागृह, बातम्यांचे कॅमेरे. भाषण तिनं तोंडपाठ केलं होतं, आणि मला ऐकवायला ती खुर्चीला धरून उभी राहिली.

“या नटानं आम्हा न बघणाऱ्यांनाही रडवलं,” तिनं सुरुवात केली. “संपूर्ण चित्रपटभर डोळे झाकून ठेवणारा हा माणूस, वडिलांच्या देहासमोर मात्र गॉगल काढतो...”

त्या आठशेंत निम्मे तरी डोळस असणार, आणि त्यातल्या प्रत्येकाला ती टवाळी माहीत. ताई मंचावर हे बोलणार आणि खाली हशा पिकणार. लोक कशाला हसतायत ते तिला कळायच्या आत तो ठोकळा तिच्या शेजारी उभा राहून नाकपुड्या फुगवणार.

“ताई, हा प्रसंग नको. दुसरा घे.”

“का बरं?”

दुसरा कुठला सांगू? तिला आवडणारे सगळेच प्रसंग माझे होते. “भाषणच नको करूस. घसा बसलाय म्हणून कळव.”

“घसा खणखणीत आहे माझा. काय लपवतेयस?”

शाळेत पोरं तिच्यापुढे अशी चळचळ कापायची. मी सांगून टाकलं. “तो गॉगल काढत नाही, ताई. मी काढला.”

ताई खुर्चीत बसली. “आणि थेंब?”

“मी.”

“दाराकडे बघताना ओठ थरथरतो तो?”

“तोही मीच.”

“मग तो करतो काय?”

“नाकपुड्या फुगवतो.”

ती फसकन हसली आणि तिथेच थांबली. “आमच्या एकोणतीस जणांनी त्याला मत दिलं,” ती म्हणाली. “म्हणजे तुलाच दिलं म्हणायचं.”

मेलं, लाज वाटायला हवी होती. पण सांगते, त्या क्षणी माझी छाती फुगली. त्या ओंडक्याला मी जन्मभर नावं ठेवली, आणि माझी ही तऱ्हा!

“का केलंस गं?”

“तुला जरा काही बरं ऐकायला मिळावं म्हणून,” मी म्हटलं, आणि म्हटल्याबरोबर जीभ चावली.

ताईनं कप बशीत ठेवला. मग शांतपणे म्हणाली, “शनिवारी मी जात नाही. उद्या फोन करून सांगते त्यांना. जे आहे ते सांगीन.”

“माझी नोकरी जाईल, ताई.”

“जाईल कदाचित.”

तेवढ्यात तिचा फोन किणकिणला. माझी भाची, ताईची लेक, परदेशात असते, तिला तीन महिन्यांपूर्वी मुलगी झाली, आणि रोज या वेळेला ती लेकीचा फोटो पाठवते. सवयीनं मी फोन उचलला. बघते तर पोर चक्क हसत होती. तोंडाचं बोळकं उघडून, डोळे बारीक करून, आणि डाव्या गालाला थेट ताईची खळी. मी सगळं विसरले.

“ताई, अगं हसतेय! पहिल्यांदा हसतेय. आणि खळी बघ, तुझीच आहे, डाव्या गालाला, अगदी तुझी!”

ताईनं हात पुढे केला. मला वाटलं माझा हात हवाय, तर तिनं फोन काढून घेतला. उठली, भिंतीला हात लावत दारापर्यंत गेली आणि समोरच्या शेजारणीची कडी वाजवली. आमच्या इतक्या रविवारांत तिनं असं कधी केलं नव्हतं.

“जरा एवढा फोटो बघून सांगता का?” तिचा आवाज मला आतपर्यंत ऐकू आला. “काय दिसतंय यात?”

माझ्या हातातला चहा केव्हाच गार झाला होता. मी कान देऊन बसले.

शेजारीण म्हणाली, “हसतेय की. गोड आहे हो नात.”

“अजून काही?”

“अजून काय? टोपडं घातलंय निळं.”

खळीचं ती काही बोललीच नाही.