फुली आणि गोळा

नानांना अंड्यांतलं कळतं, याबद्दल कुणाचंच दुमत नव्हतं. चौतीस वर्षं त्यांनी कोंबड्यांच्या उबवणी केंद्रात काढली होती. त्यामुळे लेकीच्या कासव समितीत अंडी राखायच्या कुंपणाची किल्ली कुणाकडे द्यायची, हा प्रश्नच आला नाही. निवृत्तीनंतर घरात नुसतं पेपर चाळत बसणाऱ्या माणसाला आणखी काय हवं? नाना ती किल्ली झोपतानाही उशाला ठेवत.

लेक शाळेत शिकवायची आणि उरलेला वेळ किनाऱ्यावर घालवायची. मासेमारांच्या दारोदार फिरून, बोलणी खाऊन तिनं त्यांना तीन महिने किनाऱ्यालगत जाळी न टाकायला राजी केलं होतं. त्यांचा म्होरक्या मात्र रोखठोक.

"बाई, पिल्लं पाण्यात जाताना आम्ही डोळ्यांनी बघितली, तर पुढच्या वर्षीही थांबू. नाहीतर पोटाला चिमटा काढायचा कशाला?"

आणि यंदा कासवीण आली ती एकच. एकशे चार अंडी. भरतीचं पाणी घरट्यापर्यंत पोचेल म्हणून समितीनं ती उचलून कुंपणातल्या वाळूत पुरली. "फिरवू नका हं, जशी आहेत तशीच ठेवा," लेक सगळ्यांना बजावत होती. नानांनी मान डोलावली. नेताना हिसका बसू नये, हे त्यांना कुणी शिकवायला हवं होतं का?

पण नेऊन झाल्यावर त्यांचे हात शिवशिवू लागले. अंडं एकाच कुशीवर पडून राहिलं, तर आतलं पिल्लू कवचाला चिकटून मरतं. हे त्यांनी केंद्रातल्या प्रत्येक नवख्याकडून घोकून घेतलं होतं. यंत्र बंद पडलं की ते हातानं अंडी फिरवत. एकही सुटू नये म्हणून पेन्सिलीनं एका बाजूला फुली, दुसऱ्या बाजूला गोळा. लहानपणी लेक शेजारी बसून गोळे काढायची, वेडेवाकडे.

तर रोज उजाडता उजाडता, किनाऱ्यावर चिटपाखरू नसताना, नाना हलक्या हातानं वाळू उकरत. आज फुली वर, उद्या गोळा वर. कुणाला सांगितलं नाही. केल्या कामाची दवंडी पिटायचा त्यांचा स्वभाव नव्हता. शेवटचे आठ दिवस त्यांनी हात लावला नाही. तोही नियमच.

पिल्लं निघायचे पंचावन्न दिवस झाले. साठ झाले. सत्तराव्या दिवशी सकाळी म्होरक्या चार माणसं घेऊन आला आणि लेकीनं घरटं उघडलं.

पहिलंच अंडं तिनं हातात घेतलं आणि ती थांबली. वर फुली होती. तिनं ते उलटून पाहिलं. मग तिनं नानांकडे पाहिलं. पहिल्या दिवशीचं "फिरवू नका" त्यांना आत्ता कुठे ऐकू आलं.

लेकीनं अंगठ्यानं फुली घासून टाकली. "वाळू फार तापली यंदा," ती म्होरक्याला म्हणाली. "सगळी गेली."

"म्हणजे आपली वाळूच कामाची नाही. मग उद्यापासून जाळी टाकतो बाई."

लेक आपल्याला वाचवतेय आणि त्यापायी किनारा घालवतेय, हे कळायला नानांना वेळ लागला नाही.

"वाळूचा दोष नाही," ते म्हणाले. "मी रोज फिरवली. कोंबडीची फिरवतात तशी. कासवाची फिरवली की आतलं पिल्लू मरतं."

"बाबा, गप्प बसा ना."

एक जण हसला. म्होरक्या हसला नाही. त्यानं खाली वाकून दोन-चार अंडी पाहिली, गोळे पाहिले, आणि हात पुढे केला.

"आणखी एक वर्ष थांबतो. पण किल्ली इकडे द्या. तुम्ही आत पाऊल टाकायचं नाही."

नानांनी किल्ली दिली. लेकीनं त्यांच्याकडे पाहिलं नाही.

खड्डा बुजवायचं काम तेवढं त्यांनी मागून घेतलं. एकेक अंडं उचलून त्यांनी खाली ठेवलं. फुली वर असेल तर फुली वर, गोळा असेल तर गोळा. या वेळी त्यांनी एकही फिरवलं नाही.