वहीतला नऊ नंबर

शपथेवर सांगते, यातलं अक्षर न अक्षर खरं आहे. खोटं निघालं तर माझे उरलेले चार दात इथंच गळून पडोत.

तर आमचे हे माझ्या वहीवर बोट ठेवून विचारत होते, "नऊ नंबर कुठंय?"

बास्केटबॉलचा सामना सुरू व्हायला दहा मिनिटं होती. हे पंच, मी टेबलावर गुण लिहिणारी. आठवडाभर हे पोस्टात शिक्के मारायचे आणि रविवारी शिट्टी. शिट्टी अशी, की हॉलच्या पत्र्यावरची कबुतरं रांगेत बसायची. घरात दूध उतू जायला लागलं तरी हे शिट्टीच फुंकायचे, आणि दूध मुकाट्यानं खाली बसायचं.

"मुली बारा, नावं बारा," हे म्हणाले. "पण नऊ नंबर कुणाच्याच अंगावर नाही. आणि ही पंधरा नंबरची बुटकी वहीत नाही."

मुलींनी माना खाली घातल्या. नऊ नंबर त्यांची कप्तान. उन्हाळ्यात तापानं गेली. आणि यादी लिहिणारी त्यांची कोच, ती तिची आई. पाच वर्षं यादीत पहिलं नाव लेकीचं. त्या दिवशीही हात आपोआप तिथंच गेला होता, आणि नव्या बुटकीचं राहून गेलं होतं. मी ते जसंच्या तसं वहीत उतरवलं. मलाही ते नाव इतकं सवयीचं, की हात अडला नाही.

नियम असा, की यादी दिल्यावर कोचनं नाव बदललं तर टेक्निकल फाउल. म्हणजे सामना सुरू व्हायच्या आधीच समोरच्यांना दोन फ्री थ्रो. पण चूक वहीत उतरवणारीची असेल, तर नुसतं खोडून लिहायचं. शिक्षा कुणालाच नाही.

समोरच्या संघाचा कोच येऊन उभा राहिला. "काय अडलंय, पंच?"

"एक नाव बदलायचंय."

"मग फाउल द्या. मागच्या वर्षी आम्हाला दिलात तसा."

हे माझ्याकडे वळले. यादीचा कागद यांच्या हातात होता, पण त्याची घडी उघडली नव्हती.

"उतरवताना तू चुकलीस का गं?"

उत्तर ठाऊक असताना प्रश्न विचारायची यांना सवय नव्हती.

"हो," मी म्हणाले. "मीच चुकले. चष्मा घरी राहिला."

चष्मा माझ्या नाकावर होता.

"यादी मी दिलीय, वहिनी," कोच म्हणाली. "अक्षर माझं आहे." मग यांना म्हणाली, "भाऊ, फाउल द्या. तिच्या नावावर सवलत नको."

यांनी शिट्टी फुंकली. इतकी हळू, की कबुतरं जागची हललीसुद्धा नाहीत. कोचनं माझ्या हातातली पेन्सिल घेतली, नऊ नंबरवर एकच सरळ रेघ मारली आणि खाली बुटकीचं नाव लिहिलं.

दोन्ही फ्री थ्रो पडले. पुढं त्या मुली तेवीस गुणांनी हरल्या, तेव्हा त्या दोन गुणांचं कुणी मनाला लावून घेतलं नाही. यांनी घेतलं. घरी आल्यावर शिट्टी खिळ्याला अडकवली, ती परत गळ्यात घातली नाही. तेव्हापासून आमचंही दूध चारचौघांच्या दुधासारखं उतू जायला लागलं.

आता हेही नाहीत. शिट्टी आहे तिथंच आहे.

कबुतरांचं खरं आहे. दुधाचंही खरं आहे. एकच गोष्ट माझ्या पदरची. यांनी विचारलं तेव्हा मी "हो" म्हणालेच नाही. समोरचा कोच बघत होता, आणि मी मान खाली घालून पेन्सिलीला टोक करत बसले होते.

तिनं रेघ मारायला घेतली ती तीच पेन्सिल.