अहो-जाहो

पालघरच्या कोर्टात वामन वकिलाची जीभ माणूस बघून वळायची. आपल्या अशिलाला, शेठजींना, त्यानं 'आपण, आपण' म्हणत अदबीनं प्रश्न विचारले. मग मासळी वाळवायच्या जागेसाठी शेठजींशी भांडणारी हिरा कोळीण पिंजऱ्यात आली.

"काय गं, सुकट पसरली म्हणजे जागा तुझी होते काय?"

कोर्ट खो खो हसलं.

"आज्यापासून आमचीच हाय, सायब," ती म्हणाली.

सायब! घिवली गावात लहानग्या वामनला कडेवर खेळवणारी ही शेजारची आत्या त्याला एरवी 'वाम्या' म्हणायची. त्याची लाज राखायला तिनं ओळखसुद्धा दाखवली नव्हती. त्याला मान वर करवेना.

बाहेर त्यानं तिला गाठलं. "आत्या, चुकलो गं. वाम्या म्हण ना."

पदर सावरून ती वाटेतून बाजूला झाली. "तुमी व्हा पुढं, सायब."