पिंपाने सोडलेला श्वास

मी एक पोलादी पिंप आहे. उंचीने माणसाच्या गुडघ्याच्या जरा वर, अंगाने सडपातळ. अमेरिकेतल्या शबॉयगन गावात, डीट्झांच्या गॅरेजमधल्या जुन्या फ्रिजमध्ये माझा मुक्काम असतो.

तरुणपणी माझ्या पोटात सरबताचा पाक भरत. एका खानावळीच्या काउंटरखाली ती वर्षं गेली. पुढे पाक पिशव्यांतून येऊ लागला आणि मी भंगारात पडलो. तिथून जीन डीट्झने मला उचललं, गरम पाण्याने घासलं, झाकणाचं रबर बदललं. तेव्हापासून मी त्याच्या घरच्या बिअरचा झालो.

जीनची रीत साधी होती. बिअर थंड करायची, गॅसच्या सिलिंडरची नळी मला जोडायची, दाबाचा काटा बारावर ठेवायचा आणि फ्रिजचं दार लावून घ्यायचं. गॅस बिअरमध्ये आपल्या गतीने मुरतो. जीन मध्ये एकदाही दार उघडत नसे.

गेल्या हिवाळ्यात जीन गेला. या उन्हाळ्यात त्याच्या बायकोने, लोर्नाने, पहिल्यांदाच एकटीने बिअर केली. उन्हाळ्यातल्या एका शनिवारी अंगणात निखाऱ्यांवर सॉसेज भाजायचे आणि शेजाऱ्यांना घरची बिअर पाजायची, हा त्या घरचा शिरस्ता. माझं झाकण बसवताना ती पुटपुटली होती, "जमली तर दरवर्षी करीन. नाहीतर हे सगळं विकून टाकीन."

'हे सगळं' म्हणजे त्यात मीही आलो.

तिने काटा बारावरच ठेवला. पण बंद दाराआड काही घडतंय, यावर माणसांचा विश्वासच बसत नाही! दोन दिवसांतच तिने ग्लास भरून पाहिला. बिअर मिळमिळीत. तिने सिलिंडरवरची दाब वाढवायची चावी थोडी पिळली. संध्याकाळी तिचा दीर वॉली गवत कापायचं यंत्र न्यायला आला. त्यानेही गुपचूप चाखली आणि जाता जाता चावी पिळली. मग पुन्हा ती. मग पुन्हा तो. दोघंही मदतच करत होती. माझा मात्र जीव कोंडत चालला होता.

शनिवारी सकाळी लोर्नाने तोटी उघडली आणि ग्लासात नुसता फेस उसळला. तो बसल्यावर तळाशी दोन घोट उरले, तेही बेचव. सगळा गॅस फेसाबरोबर उडून गेला होता.

"अजून मिळमिळीतच आहे," वॉली म्हणाला. "गॅस कमी पडतोय. वाढव जरा."

लोर्ना पायरीवर बसली. "दुकानातून पेट्या आण, वॉली. मला नाही जमलं."

"अगं, सॉसेजबरोबर लोक पाणीसुद्धा पितात."

"तू गप्प बस."

कमी नाही रे, जास्त झालाय! मी ओरडत होतो, पण पिंपाचं कोण ऐकणार? वॉलीने चावीला हात घातला, तशी लोर्नाची नजर काट्यावर गेली.

"थांब! हा तिसावर कसा? मी अठराच्या पुढे नेलाच नव्हता."

वॉली स्वतःच्या बुटांकडे पाहू लागला. "मी... जरासा."

"किती वेळा जरासा?"

"तू किती वेळा?"

आधी लोर्नाला हसू फुटलं, मग त्याला.

तिने गॅस बंद केला आणि माझ्या झाकणावरची कडी ओढली. फुस्स! काय सांगू, किती हलकं वाटलं! थोडं थांबून पुन्हा, मग पुन्हा. बिअरमधला जादा गॅस वर येई आणि ती तो सोडून देई. दुपारपर्यंत असंच चाललं. वॉली शेजारी खुर्ची टाकून बसला होता. चावीला हात लावायची त्याला सक्त मनाई होती.

शेजारी जमले. काटा अगदी खाली ठेवून लोर्नाने पहिला ग्लास भरला. वर बोटभर फेस, खाली बारीक बुडबुड्यांच्या माळा. पलीकडच्या घरातल्या म्हाताऱ्या हिल्डाने घोट घेतला आणि ओठ पुसले.

"जीनपेक्षा कडू केलीस, लोर्ना."

"मला तशीच आवडते."

"मग अजून एक दे."

आता माझ्या पोटात तिची गव्हाची बिअर मुरते आहे. फ्रिजचं दार बंद आहे. घरी बिअर करणाऱ्यांनो, या पिंपाची विनवणी एवढीच: आम्हाला आमचा वेळ द्या. आणि चावी पिळायचीच असेल, तर आधी घरात एकदा विचारा.