आतली कडी

घर घ्यायचं म्हटलं की कोणी आधी देवघराची जागा पाहतो, कोणी विहीर जवळ आहे का ते पाहतो. जयवंताबाईनं आधी कडी पाहिली. तीही आतली.

हसू नका. तिचं आयुष्य ऐकाल तर हसणार नाही. चौदाव्या वर्षी लग्न झालं, ते घर असं की दाराच्या जागी गोणपाट लोंबत होतं. दहा वर्षांत नवरा गेला आणि सासरच्यांनी ते गोणपाटही नशिबी ठेवलं नाही. पुढं पंधरा-सोळा वर्षं मिळेल ती मजुरी केली, मग कोराडीला वीजघराचं बांधकाम निघालं तेव्हा एका ठेकेदार कंपनीच्या मेसमध्ये ती स्वयंपाकाला लागली. नऊ वर्षं दगडी कोळशाच्या भट्टीपुढं बसून दोन्ही वेळ सत्तर माणसांच्या पोळ्या लाटल्या बाईनं. झोपायची मेसच्या कोठीत, तेलाचे पिपे आणि कांद्याची पोती यांच्यामधल्या बोळीत. कोठीला दार होतं, पण आतून कडी नव्हती. ज्याला जे लागेल तो दार ढकलून सरळ आत. एकदा एक जण आला, त्याला तेलही नको होतं आणि कांदेही नको होते. तेव्हापासून ती उशाशी लाटणं घेऊन निजायची. त्याबद्दल तिनं कोणाला सांगितलं नाही, आणि तिला विचारणारं तरी कोण होतं!

तर पन्नाशीला आलेल्या या बाईची इच्छा एवढीच. दारावर टकटक व्हावी, आपण आतून विचारावं, "कोन आहे?" आणि वाटलं तर उघडावं, नाही वाटलं तर पडून राहावं.

काम संपलं तशी कंपनी गाशा गुंडाळायला लागली आणि साइटवरच्या केबिनी विकायला निघाल्या. लोखंडी सांगाडा, त्याला नटबोल्टनं कसलेले सिमेंटचे पत्रे. खोलून ट्रकमध्ये घातली की दुसऱ्या गावी एका दिवसात उभी. जयवंताबाईनं टाइमकीपरची केबिन मागितली. आठ फूट बाय सहा फूट, एक दार, आणि एक टीचभर खिडकी, जिच्यातून मजुरांना हजेरीचे बिल्ले मिळायचे. शिल्लक होती नव्हती ती सगळी तिनं त्यात घातली.

विकत घेण्याआधी तिनं मेसच्या फरशीवर कोळशानं आठ बाय सहाची चौकट आखली आणि आत आडवी पडून पाहिली. पायाशी ट्रंक, डोक्याशी स्टोव्ह, खिडकीखाली पाण्याचा माठ. केबिनी खोलणारा ताराचंद फिटर कमरेवर हात ठेवून बघत होता.

"बाई, कूस बदलायले बाहेर जा लागन तुमाले."

"जाईन ना. पन माह्या मर्जीनं जाईन."

आता त्या केबिनीला बाहेरून कुलपाचा कोयंडा होता, आतून काहीच नव्हतं. टाइमकीपर आतून कडी लावून बसला तर हजेरी कोण घेईल? म्हणून बाई बसनं नागपूरला गेली, इतवारीत चार दुकानं पालथी घातली. दुकानदार वैतागून म्हणाला, तिजोरीले लावता का काय बाई? शेवटी वीतभर लांबीची जाड लोखंडी कडी घेतली आणि जोडीला एक पितळी कुलूप, आपण कुठं बाहेर गेलो तर असावं म्हणून.

जागा होती खाप्याला. धाकट्या भावाच्या, देवरावच्या परसात. देवराव लगेच हो म्हणाला. बहिणीला मूलबाळ नाही, मागंपुढं केबिन आपलीच, हे त्याला न शिकवता समजत होतं. त्याची बायको मीराबाई मात्र कुरकुरली, "एका घरात दोन चुली कायले?" पण दारात आलेला ट्रक परत कसा पाठवणार! ताराचंदनं दिवसभरात केबिन उभी करून दिली. कोणता पत्रा कुठं बसतो ते कळावं म्हणून त्यानं प्रत्येकावर लाल रंगानं नंबर टाकले होते. बाईला त्यावर चुना मारायचा होता.

"राहू द्या," तो म्हणाला. "कधी खोलायची झाली तर कामी येतील नंबर."

"मी हाये तोवर कोन खोलते हिले?" असं म्हणून बाई हसली, पण नंबर तसेच राहू दिले.

आणि तिथंच तिनं आणखी एक चूक केली. कुलपाच्या दोन किल्ल्या होत्या. एक गळ्यातल्या काळ्या दोऱ्यात ओवली, दुसरी मीराबाईला दिली. घरचीच माणसं, असू दे. अगं बाई, घर एकटीचं आणि किल्ली दोघींकडं! पण भल्या माणसाला हे सुचत नाही, काय करावं.

पहिलं वर्ष सुखात गेलं. देवराव आणि मीराबाई काही लागलं की अंगणातूनच हाक मारायचे. टकटक करायची ती फक्त त्यांची पोरगी, प्रेमिला. रोज संध्याकाळी दोन बोटांनी दार वाजवायची.

"कोन आहे?" आवाज ओळखीचा असूनही जयवंताबाई विचारायची.

"आत्या, मी."

मग बाई सावकाश उठायची, सावकाश कडी काढायची. त्या पोरीला तो खेळ वाटायचा. बाईला काय वाटायचं ते तिचं तिला ठाऊक.

दुसऱ्या वर्षी खोकला सुरू झाला. नऊ वर्षांचा कोळशाचा धूर, तो काय फुकट जातो? नागपूरच्या डॉक्टरनं छातीचा फोटो काढून स्पष्ट सांगितलं, क्षय नाही, धुरानं फुप्फुसं खराब झालीत. तसा कागदही दिला. मीराबाईनं तो कागद वळचणीला खोचून ठेवला.

"डाक्टरले काय जाते लिवाले! माह्या घरात लग्नाची पोरगी आहे."

बाईला पाण्याला जायचीही ताकद उरली नाही, आणि ताट खिडकीतून यायला लागलं. जिथून बिल्ले मिळायचे तिथून भाकरी. प्रेमिलाला केबिनीकडं फिरकायची बंदी झाली, आणि दारावरची टकटक बंद पडली. आता कडी कोणासाठी लावायची? जयवंताबाईनं ती लावणंच सोडून दिलं. दार दिवसभर सताड उघडं असायचं आणि तरी कोणी आत येत नव्हतं.

एप्रिलमध्ये प्रेमिलाला पाहायला पाहुणे यायचे ठरले. सावनेरचे मनोहरराव. त्यांचा मुलगा नागपूरजवळ वाडीला एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात कारकून. त्या दिवशी दुपारी मीराबाई केबिनीच्या दारात आली, पण उंबऱ्याच्या बाहेरच थांबली.

"अक्का, घडीभर दार लावून घेतो. बाहेरून कुलूप घालतो, म्हनजे कोनी आहे असं वाटनार नाही. पाहुन्यायले खोकला ऐकू गेला तर पोरीचं जमनार नाही. समजून घ्या."

"कुलूप कायले वं? मी बसतो ना गुपचूप."

"अक्का, पोरीकडं पाहा."

जयवंताबाईनं पोरीकडं पाहिलं. प्रेमिला मागच्या दारात नवं लुगडं नेसून उभी होती, आणि तिनं मान खाली घातली. झालं.

"लाव," ती म्हणाली. "पोरीचं भलं होऊ दे."

तिच्याच इतवारीच्या कुलपाचा खटका बसला. खिडकीची फळीही बाहेरून अडकवली.

सिमेंटचे पत्रे एप्रिलच्या दुपारी काय तापतात ते त्यात बसलेल्यालाच विचारा! बाई माठाला पाठ टेकून बसली. खोकला आला की पदराचा बोळा तोंडात कोंबायची, घोटभर पाणी प्यायची, डोळ्यांतून पाणी काढायची, पण आवाज काढत नव्हती. बैठकीत हसणं झालं, कपबशा वाजल्या. मग पावलं परसाकडं वळली. मनोहरराव चूळ भरायला आले होते.

"हे काय आहे गा, देवराव?"

"कंपनीची केबिन आहे जी. कोराडीहून आनली."

"कोनी राहते का यात?"

बाईनं श्वास धरला. खोकल्यासाठी नव्हे, भावाचं उत्तर ऐकण्यासाठी.

"नाही जी," देवराव म्हणाला. "कोन राहीन? जुनं सामान आहे."

कोणीतरी पत्र्यावर थाप मारली, ती नेमकी तिच्या डोक्यामागं. "मजबूत आहे गा. पोराची वाडीले खोलीसाठी लय पंचाईत होऊन राहिली. हे खोलून नेता येते का?"

देवराव खाकरला. तेवढ्या वेळात जयवंताबाईनं त्याला माफ करायची तयारीसुद्धा केली. पण तो म्हणाला, "येते ना. पत्र्यायवर नंबर हायेत. लग्नात तुमचीच समजा."

"मग जमलं म्हना!" मनोहरराव हसले आणि पावलं बैठकीकडं परतली.

जयवंताबाई तशीच बसून राहिली. समोरच्या पत्र्यावर लाल रंगात पाच लिहिलं होतं, शेजारी सहा. राग आला, असा राग की कोठीतल्या त्या माणसाचाही आला नव्हता. ती भिंत धरून उठली. कित्येक महिने न लावलेली कडी गंजली होती. ती सरकवताना आवाज होऊ नये म्हणून तिनं त्यावर पदर धरला, कारण पाहुणे अजून घरात होते आणि पोरीचं जमत होतं. कडी पूर्ण आत गेली तेव्हा ती खाली बसली.

तासाभरानं पाहुण्यांची बैलगाडी गेली. देवराव घाईघाईनं आला, कुलूप काढलं, दार ढकललं. दार हललं नाही. त्यानं पुन्हा ढकललं.

"अक्का! अवं जमलं पोरीचं. उघड."

त्यानं दाराला कान लावला. तो जरा घाबरला. मग देवरावनं त्या दारावर पहिल्यांदाच बोटांनी टकटक केली.

"कोन आहे?" आतून आवाज आला.

"मी आहे वं, देवराव. उघड ना."

जयवंताबाई माठापाशीच बसली होती. उठली नाही.

"इथं कोनी राहत नाही गा," ती म्हणाली. "जुनं सामान आहे."

आणि दुपारपासून दाबून धरलेला खोकला तिनं मोकळा सोडला.