मेहताजी, मंत्री आणि पप्पा

"सर, राष्ट्राध्यक्षाने कुणाचं ऐकायचंच नसेल, तर ते एवढे पंधरा मंत्री काय चहा प्यायला ठेवलेत?"

प्रश्न माझा नव्हता. तोंड माझं होतं, पैज माझ्या मैत्रिणींची, चंचल आणि श्वेताची. कॉलेजमधून आलेल्या पाहुण्या प्राध्यापकांना हे विचारलंस तर एक प्लेट लोचो, आमच्या सुरतेचा वाफवलेला डाळीचा नाश्ता, असं ठरलेलं. मागच्या वर्षीपर्यंत मी हजेरीला 'येस बेन' म्हटलेलं पुढच्या बाकालासुद्धा ऐकू जायचं नाही. पण यंदा पंधरा ऑगस्टला माइक हातात मिळाला आणि तेव्हापासून मी काही थांबत नाही. अख्खा वर्ग हसला. आमच्या बाईंनी, नूतनबेननी, कपाळावर हात मारला. मी मात्र उभीच राहिले, उत्तर घेतल्याशिवाय बसायचं कशाला?

पाहुणे चंद्रकांत सर पण हसले. "चहा तर पितातच," ते म्हणाले. मग फळ्याकडे वळले. "आपल्याकडे पंतप्रधान आणि मंत्री एका होडीतले. एक मंत्री बोलला की सरकार बोललं असं धरतात. अमेरिकेत तसं नाही. तिथे सत्ता एकट्या राष्ट्राध्यक्षाकडे. अर्थ, व्यापार, परराष्ट्र, कामगार अशी खाती त्याच्या हाताखाली. खात्याचा प्रमुख तो नेमतो, सिनेट होकार देते. पण काढून टाकायला त्याला कुणाला विचारावं लागत नाही. शिवाय जवळ बसणारे सल्लागार वेगळे. त्यांच्यातल्या बहुतेकांना तर सिनेटचा होकारही लागत नाही. खाती माहिती देणार, सल्लागार कानात सांगणार, ठरवणार तो. संसद आणि कोर्ट त्याला अडवू शकतात, पण त्याला वेळ लागतो."

पैज तिथेच जिंकले होते. पण मी अजून एक विचारलं, आणि हा प्रश्न माझा स्वतःचा होता.

"मग सर, तिथला एखादा मंत्री टीव्हीवर म्हणाला की लवकरच सगळं नीट होईल, तर?"

"तर त्या मंत्र्याला तसं वाटतं, एवढंच," सर म्हणाले. "राष्ट्राध्यक्षाची सही होत नाही तोवर काहीच झालेलं नसतं."

मी खाली बसले. चंचल कानात कुजबुजली, "लोचोवर शेव जास्त घेऊ." मला लोचो आठवेना. मला आमच्या घरचा टीव्ही आठवत होता.

माझे पप्पा, सुकलाल, लिंबायतमधल्या एका कारखान्यात कटिंग मास्टर. तिथे टेबलक्लॉथ आणि उशांचे अभ्रे बनतात, आणि सगळा माल अमेरिकेला जातो. पप्पा कापडाची थप्पी अशी कापतात की वरचा आणि खालचा तुकडा एकमेकांवर ठेवला तर एक धागा इकडेतिकडे होत नाही. पण अमेरिकेने आपल्या मालावरचा कर वाढवला आणि ऑर्डरी थांबल्या. कारखाना आठवड्यातले निम्मे दिवस चालायला लागला. उरलेले दिवस पप्पा बनियनवर टीव्हीसमोर.

नेमक्या त्याच आठवड्यात माझ्या मामाने, दगामामाने, शहराबाहेर कामरेजला खोक्यांच्या कारखान्यात पप्पांसाठी जागा शोधली होती. पुठ्ठा कापायच्या मशीनवर. पगार कमी, पण काम बारमाही. रविवारपर्यंत हो की नाही सांगायचं होतं.

आम्ही मूळचे अमळनेरकडचे, आई-पप्पा घरात अहिराणीच बोलतात. त्या संध्याकाळी मी घरात शिरले तर पप्पा टाळी वाजवत होते. "ऐकं का? त्यासना व्यापार खाताना मंत्री बोलना! भारतसंगे बोलणी चांगली चालू शे, लवकर तोडगा निंघी. आमना मेहताजी बी तेच सांगी राहिना. दिवाळी सुधी बधुं सेट थई जशे, सुकलालभाई." दिवाळीपर्यंत सगळं नीट होईल, असं मेहताजीचं गुजराती.

आई, भागीरथी तिचं नाव, मजुरीवर आणलेल्या साडीला स्टोन चिकटवत बसली होती. तिने मान वर केली नाही. "मंग कामरेजनं काय?"

"कसाले जाऊ कामरेजले? मी कापड कापनारा माणूस. आते खोका कापू?"

हे समजायचं तर आमच्या इथला मेहताजी माहीत हवा. शेठ कधी स्वतः बोलत नाही. हिशेब बघतो तो मेहताजी बोलतो. पेमेंट सोमवारी म्हणाला की सोमवारी. बोनस मिळेल म्हणाला की मिळतो. मेहताजी बोलला आणि शेठने फिरवलं, तर मार्केटमध्ये शेठचं नाक कापलं जातं, म्हणून मेहताजी विचारल्याशिवाय तोंड उघडतच नाही. पप्पांची वीस वर्षं या एका भरवशावर गेली आहेत. तर अमेरिकेचा मंत्री म्हणजे त्यांना राष्ट्राध्यक्षाचा मेहताजी वाटला. वाटणारच ना.

"पप्पा, तो मेहताजी नाहीये," मी म्हटलं. दप्तर अजून पाठीवरच होतं. "तिथे एक मंत्री एक बोलतो, दुसरा दुसरं बोलतो. सल्लागार तिसरंच सांगतो. आणि शेठला वाटलं तर तो कुणालाच विचारत नाही."

"मंग तो शेठ कसाना?" पप्पा म्हणाले.

सरांनी हे शिकवलं नव्हतं.

"तुना सर कधी कारखानामा उभा राहिना का?" ते पुढे म्हणाले. "बठ. चहा पी."

पुढचे दिवस मी रोज नवीन प्रकारे समजावलं. आमचंच घर घ्या, म्हटलं. तुम्ही राष्ट्राध्यक्ष. आई अर्थ आणि अन्न अशी दोन खाती सांभाळते, मी सल्लागार. आम्ही दोघी सांगतोय की जा, तरी तुम्ही जात नाही. आहे की नाही तस्संच? पप्पा खूप हसले. त्यांना विनोद आवडला, बाकी काही झालं नाही.

रविवारी दगामामा आला. येताना पेरूंचा पुडा घेऊन आला, मोपेड दारात लावली, पाणी प्यायला आणि म्हणाला, "दाजी, काय ठरनं? उद्या मालकले सांगनं पडी."

पप्पा नुसते हसले. "दिवाळीलगून थांबू म्हणस."

आईने मला आत बोलावलं. कढईत भजी होती, तिचा आवाज बारीक होता. "तुले काय वाटस, माय?"

"जायला हवं."

"मंग तूच सांग. मनं ऐकतस का?"

मी बाहेर गेले आणि सांगितलं. सगळं सांगितलं, सरांनी फळ्यावर लिहिलेलं, सहीचं, काढून टाकता येणाऱ्या मंत्र्यांचं. छान बोलले, मोठ्याने बोलले. पप्पांचा चेहरा बदलत गेला. बायकोच्या भावासमोर, त्याने आणलेल्या नोकरीसाठी, पोरीने शिकवायचं?

"दगा," ते म्हणाले, "मनं काम मी पाहीसु. तू भजी खाय."

मामाने दोन भजी खाल्ली, मोपेडला किक मारली आणि गेला. आई नंतर म्हणाली, मामासमोर नको होतं बोलायला. असेल. पण मामा नसतानाही मी आठवडाभर तेच बोलत होते की.

मग नवरात्र झाली. टीव्हीवर एक मंत्री चांगलं बोलायचा, त्या दिवशी पप्पा जेवताना गुणगुणायचे. दुसऱ्या दिवशी एखादा सल्लागार म्हणायचा की सूट बिट काही नाही, मग पप्पा चॅनल बदलायचे, जसं दुसऱ्या चॅनलवर दुसरी अमेरिका असेल. राष्ट्राध्यक्ष काय बोलतो ते त्यांनी कधी कान देऊन ऐकलंच नाही. शेठ बोलतो का कधी?

दिवाळीला कारखाना बंद झाला. तो दरवर्षीच होतो. इकडे सगळे धंदे दिवाळीला बंद होतात आणि कार्तिकातल्या पंचमीला, लाभपाचमला, मुहूर्त करून उघडतात. लाभपाचमच्या सकाळी पप्पांनी नवा शर्ट घातला. कात्री त्यांनी घरी आणून धार लावली होती, ती कापडात गुंडाळून घेतली. मला सुट्टी होती, मीही त्यांच्यासोबत गेले. मुहूर्ताचे पेढे मिळतात म्हणून लहानपणापासून जाते.

शटर खाली होतं. कुलूप नवं होतं. आणि पायरीवर, डबा मांडीवर घेऊन, मेहताजी बसला होता.

पप्पांनी घड्याळ बघत वेळ विचारली. "मेहताजी, मुहूर्त केटला वागे?"

मेहताजी उठला नाही. एवढा जाडजूड माणूस, नेहमी पानाचा रंग ओठांवर, त्या दिवशी ओठ कोरडे होते. "सुकलालभाई," तो म्हणाला, "शेठे मशीन वेची नाख्या. मने पण नथी कीधुं."

मशीनं विकून टाकली. मला पण सांगितलं नाही.

पप्पा त्याच्याकडे बघत राहिले. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. ते मेहताजीच्या शेजारी पायरीवर बसले, आणि दोघं रस्त्याकडे बघत बसले. मी उभी. एरवी माझ्याकडे बोलायला ढीगभर असतं. मी सांगितलं होतं, हे तर नक्कीच होतं. ते जिभेवर आलंसुद्धा, आणि मला माझीच किळस आली. बरोबर असण्याचा काय उपयोग असतो? सल्लागाराचं बरोबर निघालं म्हणून कुलूप उघडतं का?

घरी आल्यावर आईने मामाला फोन केला. कामरेजची जागा केव्हाच भरली होती. पप्पा महिनाभर इकडेतिकडे फिरले, गोडादऱ्यापर्यंत चालत जाऊन आले. पण त्यांच्यासारखे कारागीर दारोदारी उभे होते. टीव्ही त्यांनी पुन्हा लावला नाही. मीच एकदा लावला तर म्हणाले, "बंद कर, माय." इतक्या हळू त्यांना बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

परवा त्यांनी ठरवलं की गावी, अमळनेरला जायचं. काकांची पिठाची गिरणी आहे, तिथे हाताखाली राहायचं. खोली सोडायची, या महिन्यातच. आई रडली नाही, तिने भांडी बांधायला काढली.

माझं दहावीचं वर्ष आहे. बोर्ड गुजरातचं. मार्चमध्ये परीक्षा आहे आणि आता गेलं तर वर्ष गेलं. वर्ष गेलं तर पुढे काय, ते मला माझ्या चुलत बहिणीकडे, वैशालीकडे बघून माहीत आहे. तिची दहावी सुटली आणि घरात स्थळं यायला लागली. पप्पांना मी हे सांगितलं नाही. ते ऐकतील असं मला आता वाटत नाही, आणि ऐकलं तरी ते काय करणार आहेत?

काल आम्ही तिघं जेवत होतो. पप्पा भाकरीचा एकच तुकडा केव्हापासून वरणात फिरवत होते. मी पाणी प्यायले. मग मोठ्याने म्हणाले,

"पप्पा, आई, मी अमळनेरला येणार नाही. मी गोडादऱ्याला चंचलच्या घरी राहीन, तिच्या आईसोबत संध्याकाळी साड्यांना स्टोन लावीन आणि मार्चमध्ये परीक्षा देईन. मी काल त्यांच्याशी बोलून आले. तुम्हाला विचारत नाहीये. सांगतेय."